तपासणीला जाण्याआधी



डॉक्टरांनी कागदावर ईईजी, एनसीव्ही, एमआरआय असं काही लिहून दिलं की घरातल्या सगळ्यांच्याच पोटात गोळा येतो. मुंबईतलं राजावाडी रुग्णालय असो की कूपर, ओपीडीत गर्दी एवढी असते की डॉक्टरांना सगळं समजावून सांगायला सवड मिळत नाही. मग शेजारपाजारचे सांगतात तेच खरं वाटू लागतं. मी उपनगरात याच तपासण्या करणारी तंत्रज्ञ आहे. या भीतीपायी तपासणी लांबवणारी माणसं मी नेहमी पाहते, म्हणून आज हे बोलते आहे.

आधी ईईजी. ‘शॉक देणार का हो?’ हा पहिला प्रश्न ठरलेला. अजिबात नाही. मेंदूचं काम विजेच्या अतिसूक्ष्म लहरींवर चालतं. हान्स बर्गर या जर्मन डॉक्टरांनी १९२४ साली माणसाच्या डोक्यावरून त्या पहिल्यांदा टिपल्या. आजही डोक्यावर वीस-एकवीस ठिकाणी पेस्टने वायरी चिकटवतात आणि मशीन लहरी नुसत्या नोंदवून घेतं. आत काहीही सोडत नाही. लहरी इतक्या नाजूक, की केसांतल्या तेलानेही नोंद बिघडते. म्हणून केस शाम्पूने धुवून, तेल न लावता या. उपाशी येऊ नका. आणि फिटच्या गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका.

कधी कधी रात्री जागून यायला सांगतात, कारण डोळा लागताना काही दोष जास्त स्पष्ट दिसतात. एका आईने मुलाला पहाटेपर्यंत जागं ठेवलं आणि बोरिवलीहून निघाली. लोकलमध्ये खिडकीशी बसल्या बसल्या त्याला झोप लागली. अंधेरीला उतरला तो ताजातवाना, आणि टेबलावर टक्क जागा! कशासाठी जागवायचं, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. पुढच्या वेळी तिने त्याला वाटभर गप्पांत गुंतवून ठेवलं आणि आम्हाला हवी तशी नोंद मिळाली.

ईईजी नॉर्मल आला म्हणजे फिटचा आजार नाहीच, असं समजू नका. नोंदीच्या तेवढ्या अर्ध्या तासात मेंदू शांत असू शकतो. फिट पाहिलेल्या माणसाने डॉक्टरांना ती कशी आली हे सांगणं फार मोलाचं असतं. मोबाइलवर व्हिडिओ असेल तर उत्तमच.

एनसीव्हीत मात्र लहानसा झटका बसतो. नसेतून संदेश किती वेगाने जातो, ते त्यावरून मोजतात. निरोगी हातात हा वेग सेकंदाला साधारण ५० मीटर किंवा त्याहून जास्त असतो. मधुमेहात पायांना मुंग्या येतात, मनगटाशी नस दबली की बोटं बधिर होतात. बिघाड कुठे आणि किती, ते इथे कळतं. हात गार असले तर वेग कमी भरतो, म्हणून आधी ते ऊबदार करून घेतो. पेसमेकर असेल किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर सुरुवातीलाच सांगा.

सगळ्यात मोठी भीती पाठीतलं पाणी काढण्याची. ‘माणूस लुळा पडतो’ असं सर्रास ऐकू येतं. पण मोठ्या माणसाचा मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशीच संपतो आणि सुई त्याच्या खाली घालतात. काढतात ते काही मिलिलिटर. शरीर दिवसाला सुमारे ५०० मिलिलिटर नव्याने तयार करतं. नंतर थोडे दिवस डोकं दुखू शकतं. पण टीबीच्या मेंदूज्वराची शंका असताना नातेवाईक नकार देतात, तेव्हा उपचाराला उशीर होतो आणि तो जिवावर बेततो.

एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात. आवाज खूप होतो, पण दुखत नाही. तिथला चुंबक मात्र कायम चालू असतो आणि लोखंडी वस्तू जोरात खेचून घेतो. जानेवारी २०१८ मध्ये नायर रुग्णालयात ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन आत गेलेल्या एका नातेवाइकाचा यात जीव गेला. म्हणून धातूची कुठलीही वस्तू नेऊ नका, आणि तिथल्या तंत्रज्ञाने सांगितल्याशिवाय दाराच्या आत पाऊल टाकू नका.

तपासणी लिहून दिली की तीन गोष्टी विचारा: ही कशासाठी? मी काय तयारी करू? रिपोर्टवरून पुढे काय ठरणार? विचारताना संकोच करू नका. घाईत असलो तरी याची उत्तरं देणं हे आमचं कामच आहे.