नादारी, मुक्तता आणि जामीनदार

नादारीचा अर्ज मंजूर झाला की सर्व देणी बुडाली, हा समज सर्वत्र आढळतो. कायद्यात मात्र नादार घोषित होणे आणि देण्यांतून मुक्त होणे या दोन वेगळ्या पायऱ्या असून दुसऱ्या पायरीलाही अपवाद आहेत. मुंबई, कोलकाता व चेन्नई या शहरांसाठी 1909 चा कायदा आहे. इतरत्र, म्हणजे येथे बालाघाटलाही, 1920 चा प्रांतिक नादारी अधिनियम लागू होतो. त्याच्या मूळ तरतुदीनुसार, देणी फेडण्यास असमर्थ असलेल्या ऋणकोला 500 रुपयांच्या देण्यावरही जिल्हा न्यायालयाची पायरी चढता येते. आज तेवढ्या रकमेत वकीलपत्राचा खर्चही निघणे कठीण! (हशा)

नादाराची मालमत्ता न्यायालयाच्या ताब्यात जाते. मात्र दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम 60 शेतकऱ्याची अवजारे, आवश्यक बैल व बियाणे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण आणि स्त्रीने धर्मरूढीनुसार अंगावरून उतरवू नयेत असे दागिने यांना जप्तीतून वगळते. गहाणदाराचा तारणावरील हक्क कायम राहतो. म्हणून गहाण टाकलेले शेत केवळ नादारीमुळे सुटत नाही.

कलम 44 प्रमाणे मुक्ततेच्या आदेशानंतरही चार प्रकारची देणी उरतात: सरकारचे देणे, कपटाने किंवा कपटपूर्ण विश्वासघाताने झालेले देणे, धनकोला फसवून ज्याच्या वसुलीत सवलत मिळवली ते देणे, आणि फौजदारी न्यायालयाने ठरवलेली पोटगी. पोटगीचे हे कलम 1898 च्या संहितेत 488, 1973 च्या संहितेत 125 आणि नव्या नागरिक सुरक्षा संहितेत 144 असे आहे. क्रमांक बदलले, बायकामुलांचा हक्क तोच राहिला. दुकानाची उधारी, हातउसने आणि बँकेचे विनातारण कर्ज यांसारखी सिद्ध करता येणारी इतर देणी मुक्ततेने सुटतात.

येथवरचे श्रोत्यांपैकी वकीलमंडळींना पाठच असेल. खरा प्रश्न कलम 44 च्याच शेवटी दडलेला आहे. नादाराला मिळालेली मुक्तता त्याच्या भागीदाराला, सहऋणकोला किंवा जामीनदाराला मिळत नाही. मेहुण्याच्या ट्रॅक्टरच्या कर्जावर सही करणाऱ्या वारासिवनीच्या शेतकऱ्याची कल्पना करावी: 1872 च्या करार अधिनियमाच्या कलम 128 नुसार, करारात वेगळे ठरले नसल्यास, त्याची जबाबदारी मूळ ऋणकोइतकीच असते. कायद्याच्या प्रक्रियेने ऋणको मुक्त झाल्यास जामीनदार सुटत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 1982 साली महाराष्ट्र राज्य वीज मंडळाच्या खटल्यात सांगितले. त्याहून कठोर बाब अशी की, भविष्यातील व संभाव्य देणीही नादारीत सिद्ध करता येत असल्याने, जामीनदाराने उद्या रक्कम भरल्यावर मेहुण्याकडून ती परत मागण्याचा त्याचा हक्कही सामान्यतः त्याच मुक्ततेत विरघळतो. मेहुणा सुटतो, बँक वसूल करते आणि सही करणारा तेवढा अडकतो. (सभागृहात कुजबुज) जामिनाशिवाय बँका कर्ज कशा देतील, हा आक्षेप रास्त आहे. सभागृहातील बँक कर्मचाऱ्यांवर या विवेचनाचा रोखही नाही.

अध्यक्षांची चिठ्ठी आल्यामुळे 2016 च्या दिवाळखोरी संहितेचा विचार येथे उरकणे भाग आहे. त्या संहितेने मुक्ततेतून वगळलेल्या देण्यांत न्यायालयीन दंड, हलगर्जीपणाची नुकसानभरपाई, पोटगी आणि शैक्षणिक कर्ज यांचा समावेश केला. परंतु व्यक्तींविषयीचा तिचा भाग 1 डिसेंबर 2019 पासून केवळ कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांपुरताच अमलात आला. उद्योगपतीच्या हमीला नवी संहिता मिळाली, ट्रॅक्टरच्या जामिनाला मात्र 1920 चाच कायदा उरला!

म्हणून ऋणकोने नादारीचा अर्ज केल्याचे कळताच जामीनदाराने स्वस्थ न बसता स्वतःचा संभाव्य दावा त्याच न्यायालयात नोंदवावा, कारण मालमत्तेच्या वाटपात काही मिळण्याची त्याची संधी तेवढीच असते. आणि जामीनपत्रावर सही करण्यापूर्वी प्रत्येकाने ते कर्ज स्वतःचेच समजून, आपल्याला फेडता येईल काय, याचा हिशेब मांडावा.