ऑपरेशन बिघडले, तर दाद कुठे मागायची?



मी वकील नाही, डॉक्टरही नाही. सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करतो आणि रविवारी आपल्या मदत केंद्रात लोकांच्या फायली लावून देतो. त्यात पित्ताशयाच्या ऑपरेशनच्या फायली आल्या, म्हणून आज हा विषय.

दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याचे ऑपरेशन आपल्या देशात पहिल्यांदा १९९० मध्ये मुंबईत डॉ. तेहेम्टन उडवाडिया यांनी केले. आता ते तालुक्याच्या गावातही होते. चार छोटी छिद्रे, दोन-तीन दिवसांत घरी. बहुतेकांचे तसेच होते. पण हजारात साधारण तीन ते पाच जणांच्या मुख्य पित्तनलिकेला इजा होते. पित्ताशयाची बारीक नळी कापायची असते आणि तिच्या शेजारूनच यकृतातून आतड्याकडे जाणारी मोठी नळी जाते. सूज असली, भाग चिकटलेला असला, की मोठी नळीच बारीक नळी वाटते. तिला क्लिप लागते, ती कापली जाते.

आता एक गोष्ट कडू वाटेल, पण आधी सांगतो. नळीला इजा झाली म्हणजे डॉक्टरचा निष्काळजीपणा सिद्ध झाला, असे नाही. चांगल्या हातूनही ती होऊ शकते. न्यायालय विचारते, की त्या जागी साधारण कुशल सर्जनने जे केले असते ते इथे झाले का? कापण्यापूर्वी नळ्या नीट ओळखल्या होत्या का? यासाठी काय दिसलेच पाहिजे, त्याची पद्धत १९९५ पासून सर्जनांच्या शास्त्रात लिहिलेली आहे. नीट दिसत नव्हते, तर पोट उघडून ऑपरेशन का केले नाही, किंवा पित्ताशयाचा काही भाग आत ठेवून का थांबले नाहीत? आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे: इजा झाल्यावर ती केव्हा ओळखली?

आमच्या वस्तीतल्या एका खालांचे उदाहरण घ्या. ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी पोट फुगले, ताप आला, डोळे पिवळे झाले. एका खाजगी नर्सिंग होममध्ये त्यांना ‘गॅस आहे’ म्हणून घरी पाठवले. दहा दिवसांनी मोठ्या रुग्णालयात पोटातून पित्त काढावे लागले, पुढे आतड्याला नळी जोडण्याचे दुसरे ऑपरेशन झाले. त्यांच्या फाईलचा जोर नळी कापली यावर नाही, त्या दहा दिवसांवर आहे. अपघात माफ होऊ शकतो, दुर्लक्ष होत नाही.

पण हे दाखवायचे कशाने? कागदाने. माझ्या कामात सिस्टीम बंद पडली की आधी लॉग बघतात. लॉग नसेल तर प्रत्येक जण आपले खरे सांगतो आणि हाती काही लागत नाही. रुग्णाचा लॉग म्हणजे केस पेपर. लेखी मागितल्यावर ७२ तासांत नोंदींची प्रत द्यावी, असे डॉक्टरांच्या आचारसंहितेच्या २००२ च्या नियमांत आहे. त्याच नियमांप्रमाणे नोंदी जपण्याची मुदत ३ वर्षे आहे. म्हणून अर्ज लगेच द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. पोच देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा. डिस्चार्ज कार्डावर समाधान मानू नका. ऑपरेशनची नोंद, भूल देणाऱ्यांचा कागद, नर्सच्या रोजच्या नोंदी, संमतीपत्र, आणि ऑपरेशनचे चित्रीकरण झाले असेल तर तेही मागा. दुसऱ्या रुग्णालयाची ऑपरेशनची नोंद तर सोन्यासारखी असते. पोट उघडल्यावर काय दिसले, क्लिप कुठे होती, हे तिथे दुसऱ्या सर्जनने लिहिलेले असते.

संमतीपत्रावर सही केली म्हणून हक्क संपला, असे अनेकांना सांगितले जाते. तसे नाही. सही धोका पत्करल्याची असते, निष्काळजीपणा पत्करल्याची नाही. शिवाय समजावून न सांगता घेतलेली सही ही खरी संमती नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने २००८ च्या समीरा कोहली प्रकरणात स्पष्ट केले.

आता दारे. पैसे देऊन उपचार घेतले असतील तर जिल्हा ग्राहक आयोग. १९९५ च्या शांता निकालापासून वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते. बिल विमा कंपनीने भरले तरी चालते. तुम्ही दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्ह्यातच तक्रार होते, आणि ५ लाखांपर्यंत फी शून्य. तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही करता येते, ई-जागृती पोर्टलवरूनही. मुदत २ वर्षे. कायद्यात निकालाला तीन ते पाच महिने लिहिले आहेत, प्रत्यक्षात वर्षे जातात, हे धरूनच चला.

महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे तक्रार केल्यास डॉक्टरवर कारवाई होऊ शकते, भरपाई मिळत नाही. पोलिसांचा मार्ग सर्वांत अरुंद. भारतीय न्याय संहितेचे कलम १०६ मृत्यूच्या प्रकरणात लागते, आणि २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालाप्रमाणे निष्काळजीपणा ढोबळ असावा लागतो, आधी स्वतंत्र डॉक्टरांचे मत घ्यावे लागते.

आणि जिथे सगळ्यांवरच फुकट उपचार होतात ते सरकारी रुग्णालय? ग्राहक आयोग नाही, पण दिवाणी न्यायालय आहे. १९६३ मध्ये औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात एका बाईच्या पोटात टॉवेल राहिला, त्या गेल्या. नवऱ्याने दावा लावला, खालच्या न्यायालयाने ३६,००० रुपये दिले, उच्च न्यायालयाने निकाल फिरवला, आणि १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारला जबाबदार धरले. तेहतीस वर्षे! पण ‘सरकारी आहे, कोण विचारणार’ याला खोडवा निकाल हेच उत्तर आहे. वकिलाच्या खर्चाची चिंता असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट नाही.

आपल्या वस्तीत यांतले काहीच होत नाही. एक तर ‘अल्लाहची मर्जी’ म्हणून लोक घरी बसतात, नाही तर पोरे काचा फोडतात. २०१० च्या राज्य कायद्याने रुग्णालयातली तोडफोड हा अजामीनपात्र गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आहे. मग रुग्णाची तक्रार बाजूला राहते आणि त्याचा भाऊ कोर्टाच्या फेऱ्या मारतो. ज्ञान नसताना इलाज करणारा नुकसानीला जबाबदार, या आशयाची हदीस अबू दाऊद यांच्या संग्रहात आहे. म्हणजे हिशेब मागणे सब्रच्या विरुद्ध नाही.

तिसरा प्रकार मांडवलीचा. समझोता वाईट नाही.  पण या इजेत घाई महागात पडते. जोडलेली नळी काही वर्षांनी पुन्हा आकसू शकते, ताप-कावीळ परत येऊ शकते. पन्नास हजार घेऊन ‘पुढे काही मागणार नाही’ लिहून दिले, तर तो खर्च कोण करणार? दुसऱ्या रुग्णालयाच्या डॉक्टरांकडून पुढच्या उपचारांचा अंदाज लेखी घ्या, मग आकडा बोला.

केस पेपर मागण्याच्या अर्जाचा नमुना मराठीत आणि उर्दूत मागच्या टेबलावर ठेवला आहे. ज्यांची फाईल बरोबर आहे त्यांनी थांबा, आधी तारखा बघू.