सांडपाण्याचा हिशेब कोणाच्या नावे?



रुग्णालयाच्या सांडपाण्यात प्रतिजैविकांचे अंश आणि त्या औषधांना दाद न देणारे जिवाणू एकत्र येतात. औषधाचा अल्प अंश दुर्बल जिवाणूंना मारतो व प्रतिकारक्षम जिवाणूंना मोकळे रान देतो. शिवाय प्रतिकाराचे जनुक एका जातीच्या जिवाणूकडून दुसऱ्या जातीकडे जाते.

हे काल्पनिक भय नव्हे. एनडीएम-१ हे जनुक कार्बापेनेमसारखी राखीव औषधे निष्प्रभ करते. त्याला राजधानीचे नाव दिल्याबद्दल २०१० मध्ये सरकारने आक्षेप घेतला. परंतु २०११ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत नवी दिल्लीतील साचलेल्या पाण्याच्या १७१ नमुन्यांपैकी ५१ आणि नळाच्या पाण्याच्या ५० पैकी २ नमुन्यांत ते आढळले. रुग्णशय्येवरचे जनुक वस्तीत पोहोचले होते. नावाची लाज वाटली, गटाराची वाटली नाही!

प्रश्न अर्थकारणाचाही आहे. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनी रुग्णालयांवर सांडपाण्याच्या प्रक्रियेचे बंधन घातले. ती टाळली की बचत रुग्णालयाच्या वहीत जमा होते. खर्च मात्र गटारात उतरणारा सफाई कामगार आणि नाल्याकाठची वस्ती यांच्या नावे पडतो. साधा संसर्गही महागड्या औषधाविना हटेनासा झाला की मजुराचे घर कर्जात बुडते. बचत एकाची, भुर्दंड दुसऱ्याला, असा हा व्यवहार आहे.

म्हणून रुग्णालयांच्या सांडपाण्याची स्वतंत्र तपासणी व्हावी, तिचे निष्कर्ष जाहीर व्हावेत आणि सार्वजनिक रुग्णालयांतील प्रक्रियेसाठी अर्थसंकल्पात वेगळी तरतूद असावी. कार्यकर्त्यांनी ही मागणी आपापल्या नगरपालिकेच्या दारापर्यंत नेली पाहिजे.