क्षेपणास्त्र संरक्षण आणि अण्वस्त्रांचा धाक : अध्यक्षीय भाषण

अण्वस्त्रांचा धाक प्रतिहल्ल्याच्या खात्रीवर उभा असतो. शत्रूने पहिला वार केला तरी काही अण्वस्त्रे शाबूत राहतील आणि ती त्याच्या शहरांपर्यंत पोहोचतील, हे दोन्ही बाजूंना ठाऊक असते तोवर पहिल्या वारात कोणाचाच लाभ नसतो. क्षेपणास्त्र संरक्षण प्रणाली या खात्रीच्या उत्तरार्धालाच हात घालते. आपल्या नागरिकांना वाचवू पाहणारी यंत्रणा प्रतिस्पर्ध्याला धोक्याची का वाटते, याचे उत्तर इथे आहे.

जून 1967 मध्ये न्यू जर्सीतील ग्लासबरो येथे अमेरिकेचे अध्यक्ष लिंडन जॉन्सन आणि संरक्षणमंत्री रॉबर्ट मॅक्नमारा यांनी सोव्हिएत पंतप्रधान अलेक्सी कोसिगिन यांच्यापुढे संरक्षक क्षेपणास्त्रांवर मर्यादा घालण्याचा विषय काढला. कोसिगिन यांना ते पटले नाही. बचाव नैतिकच असतो, मर्यादा हल्ल्याच्या अस्त्रांवर हवी, असे त्यांचे म्हणणे होते. मॅक्नमारांचा युक्तिवाद असा, की एकाने रोधक क्षेपणास्त्रे उभारली की दुसरा ती भेदण्यापुरती अस्त्रे वाढवतो आणि दोघेही पूर्वीइतकेच असुरक्षित राहतात. पाच वर्षांत मॉस्कोही त्याच निष्कर्षावर आले. 26 मे 1972 रोजी निक्सन आणि ब्रेझनेव्ह यांनी सही केलेल्या करारात प्रत्येक देशाला दोन ठिकाणी शंभर-शंभर रोधकांची मुभा राहिली. 1974 मध्ये त्यातले एकच ठिकाण उरले. सोव्हिएत संघाने मॉस्को राखले. अमेरिकेने नॉर्थ डकोटातील तळ 1975 मध्ये कार्यान्वित केला आणि 1976 मध्ये बंदही केला.

मॉस्कोभोवतीच्या त्या थोड्या रोधकांची खरी किंमत मोजली ती ब्रिटनने. पाणबुडीवरील आपली पोलारिस क्षेपणास्त्रे मॉस्कोपर्यंत पोहोचतीलच याची शाश्वती राहिली नाही, म्हणून ब्रिटनने ‘शेव्हलीन’ हा प्रकल्प हाती घेतला. क्षेपणास्त्रावरील तीन अण्वस्त्रांपैकी एक काढून त्या जागी फसवी लक्ष्ये सोडणारी यंत्रणा बसवण्यात आली. सुमारे एक अब्ज पौंडांचा हा खर्च वर्षानुवर्षे गुप्त होता. 1980 मध्ये संरक्षणमंत्री फ्रान्सिस पिम यांनी तो संसदेत उघड केला. ती रोधक क्षेपणास्त्रे युद्धात कितपत चालली असती, हे कोणी पाहिलेले नाही. ती चालतील असे गृहीत धरणे मात्र लंडनला भाग होते. छोट्या अण्वस्त्रसाठ्याच्या प्रत्येक देशाने अभ्यासावे असे हे उदाहरण आहे.

फसव्या लक्ष्यांमागचे भौतिकशास्त्र साधे आहे. वातावरणाबाहेर हवेचा अवरोध नसल्यामुळे जड अण्वस्त्र आणि हलका धातूलेपित फुगा एकाच मार्गाने, एकाच वेगाने जातात. खरे कोणते हे ओळखणे अवघड होते. भौतिकशास्त्रज्ञ हान्स बेथे आणि रिचर्ड गार्विन यांनी मार्च 1968 च्या ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये हे सविस्तर मांडले होते, आणि ती अडचण आजही पुरती सुटलेली नाही. अलास्का आणि कॅलिफोर्निया येथे अमेरिकेचे 44 रोधक सज्ज आहेत. एका लक्ष्यावर अनेक रोधक सोडावे लागतात हे धरले, तर उत्तर कोरियासारख्या देशाच्या मोजक्या क्षेपणास्त्रांपलीकडे त्यांची मजल जात नाही.

मग रशिया आणि चीन यांना त्यांची चिंता का वाटावी? कारण पूर्ण ताकदीचा हल्ला आणि घायाळ देशाचा प्रतिहल्ला यांत मोठे अंतर असते. पहिल्या वारात बहुतेक अस्त्रे नष्ट झाली, तर उरलेल्या थोड्यांना तोंड देण्यास अपुरी ढालही पुरी पडू शकते. शिवाय नियोजनकर्ते आजचे रोधक मोजून थांबत नाहीत. रडार आणि उपग्रहांचे जाळे एकदा उभे राहिले की रोधकांची संख्या वाढवणे तुलनेने सोपे असते, हे ते जाणतात. अमेरिका 13 जून 2002 रोजी 1972 च्या करारातून बाहेर पडली आणि दुसऱ्याच दिवशी रशियाने ‘स्टार्ट-2’ या अण्वस्त्रकपात कराराचे बंधन झुगारले. 1 मार्च 2018 रोजी पुतिन यांनी अव्हानगार्ड, सरमात आदी नवी अस्त्रे जाहीर करताना त्याच माघारीकडे बोट दाखवले. चीनने वाळवंटात शेकडो नवे सायलो खोदले, त्यामागे इतरही कारणे आहेत, पण हे एक नक्कीच आहे.

एप्रिल 2024 मध्ये इराणने इस्रायलवर सोडलेली बहुतेक क्षेपणास्त्रे आणि ड्रोन वाटेतच पाडले गेले, तेव्हा अशा प्रणालींवरचा विश्वास सगळीकडे वाढला. पारंपरिक युद्धात तो रास्त आहे. तिथे शंभरातली पाच क्षेपणास्त्रे निसटली तर हानी सोसता येते. अण्वस्त्रांच्या बाबतीत निसटलेले एक म्हणजे एक शहर. दोन्ही यश एकाच मापाने मोजणे घातक आहे.

दक्षिण आशियात हीच साखळी कमी अंतरावर उलगडते आहे. भारताने नोव्हेंबर 2006 मध्ये रोधक क्षेपणास्त्राची पहिली यशस्वी चाचणी केली. जानेवारी 2017 मध्ये पाकिस्तानने अनेक अण्वस्त्रे वाहणाऱ्या ‘अबाबील’ची चाचणी केली आणि प्रदेशातील वाढत्या क्षेपणास्त्र संरक्षणाचे कारण उघडपणे दिले. 11 मार्च 2024 रोजी ‘मिशन दिव्यास्त्र’मध्ये भारताच्या अग्नी-5 नेही ती क्षमता दाखवली.

भारताची बाजू तर्कशुद्ध आहे. अण्वस्त्रांचा प्रथम वापर न करण्याचे धोरण पाळणाऱ्या देशाला पहिला वार झेलावा लागतो. प्रतिहल्ल्याचा आदेश देणारे नेतृत्व वाचवण्यासाठी राजधानीवर मर्यादित संरक्षण उभारले तर धाक बळकटच होतो. परंतु पाकिस्तान त्या धोरणाच्या ग्वाहीवर विसंबत नाही, आणि रोधक फक्त राजधानी राखतो की साऱ्या शहरांची पूर्वतयारी आहे, हे बाहेरून ओळखता येत नाही. क्षेपणास्त्र काही मिनिटांत पोहोचत असल्याने शंका निरसनाला वेळही नसतो.

अमेरिका आणि रशिया यांच्या 2010 च्या ‘न्यू स्टार्ट’ कराराच्या प्रस्तावनेत आक्रमक आणि बचावात्मक अस्त्रांचा परस्परसंबंध मान्य केला होता. भारत-पाकिस्तान व्यवहारात तो कुठेच नोंदलेला नाही. 2005 च्या करारानुसार दोन्ही देश जमिनीवरून जमिनीवर मारा करणाऱ्या बॅलिस्टिक क्षेपणास्त्रांच्या चाचण्यांची आगाऊ सूचना एकमेकांना देतात, आणि तणावाच्या काळातही हा करार टिकून राहिला आहे. रोधक क्षेपणास्त्रांच्या चाचण्या त्याच सूचनेत आणणे आणि संरक्षणाची व्याप्ती राजधानीपुरती असल्यास तसे जाहीर करणे, ही दोन पावले उचलण्यासाठी कोणालाही एकही अस्त्र कमी करावे लागणार नाही.