जिवंत पेशी पाहायची सामायिक सोय

परळला, पश्चिम रेल्वेने वसईहून सहज गाठता येईल अशा ठिकाणी, राष्ट्रीय प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्था आहे. तिथे मानवी भ्रूणातल्या मूलपेशींचे दोन वंश तयार झाले, 'किंड-१' आणि 'किंड-२'. त्यांच्यावरचा शोधनिबंध २००९ साली प्रसिद्ध झाला.

मूलपेशीतून पुढे स्नायू, रक्त, मज्जातंतू घडतात. ही वाट ती नेमकी केव्हा धरते? पेशी रसायनाने स्थिर करून पाहिली, तर एकच क्षण हाती लागतो. म्हणून तिला जिवंत ठेवून, दर काही मिनिटांनी चित्र टिपत, कधी सलग दोन दिवस पाहावं लागतं. सूक्ष्मदर्शकावरच्या बशीत ३७ अंश सेल्सिअस तापमान, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड आणि पुरेसा ओलावा सांभाळावा लागतो. त्यात आणखी एक पेच आहे. ज्या प्रकाशात पेशी दिसते, तोच तिला इजा करतो. लेझर थोडा जास्त झाला, तर आपण निरोगी पेशी पाहतोय की होरपळलेली, हेच कळत नाही.

अशी यंत्रं कोट्यवधींची. प्रत्येक महाविद्यालयाने ती घ्यावीत हे शक्यही नाही आणि शहाणपणाचंही नाही. पवईच्या आयआयटीत 'सैफ' हे उपकरण केंद्र १९७६ पासून बाहेरच्या संशोधकांची कामंही शुल्क घेऊन करून देतं. देशभरातली अशी उपकरणं शोधायला २०२० पासून 'आय-स्टेम' हे सरकारी पोर्टल आहे.

पण जिवंत पेशींची गोष्ट वेगळी. स्थिर केलेला नमुना डब्यात घालून विरार लोकलने नेता येतो. जिवंत मूलपेशींना गर्दी, गारठा, उशीर सोसत नाही. त्या सूक्ष्मदर्शकाच्या शेजारीच वाढवाव्या लागतात. माझ्या मते सामायिक केंद्राची खरी कसोटी इथे आहे: यंत्राला लागून पेशी वाढवायची खोली आहे का, रात्रीचा स्लॉट बाहेरच्या विद्यार्थ्याला मिळतो का, आणि किती प्रकाश पुरे हे सांगणारा अनुभवी तंत्रज्ञ टिकून आहे का. यंत्रासाठी निधी मिळवताना या माणसाच्या पगाराचाही विचार व्हायला हवा.

वसई-विरारच्या महाविद्यालयांतल्या प्राध्यापकांना माझी विनंती आहे. 'आय-स्टेम' उघडा, मुंबई-पुण्यातली केंद्रं शोधा, आणि प्रयोग आखण्याआधीच तिथल्या तंत्रज्ञाशी बोला.