रात्रीच्या पाण्याची सोबत



आज ज्या संगीताबद्दल बोलणार आहे ते आपल्या केंद्रावरून आजवर कधी लागलेलं नाही. सगळ्यांना आवडेल असंही नाही. माझ्या सासूबाई त्याला 'मयतीचा बाजा' म्हणतात. तरी मी बोलणार आहे, कारण मागच्या हिवाळ्यात त्यानं मला सोबत केली.

ज्वारीला पाणी द्यायचे दिवस होते. आमच्याकडे त्या आठवड्यात शेतीची लाईट रात्रीची. मालक कारखान्यावर पाळीला, म्हणजे दारं धरायला मीच. ज्यांनी रात्रीची दारं धरली आहेत त्यांना सांगायला नको, निम्मी रात्र नुसती वाट बघण्यात जाते. लाईट यायची वाट, वाफा भरायची वाट, गेलेली लाईट परत यायची वाट. माझा भाचा पुण्यात ध्वनिमुद्रणाचं शिकतो. त्यानं एक मेमरी कार्ड दिलं नि म्हणाला, "आत्या, हे रात्रीचं संगीत आहे. दिवसा लावू नकोस, कंटाळशील."

पहिल्या रात्री मी पाच मिनिटांत बंद केलं. विहिरीजवळ एकटी बसलेली बाई आणि कानात असा आवाज, की मागून कुणी हळूहळू चालत येतंय. दुसऱ्या रात्री नेहमीची सिनेमातली गाणी लावली. पण त्या थंडीत, त्या काळोखात ती गाणी मला कुणीतरी उगीच हसवायला बघतंय तशी वाटली. तिसऱ्या रात्री परत ते कार्ड घातलं, आणि वाफा कधी भरला ते कळलं नाही. बांध फुटून पाणी शेजारच्या वाफ्यात गेलं, हेही सांगून टाकते.

या संगीताला डार्क जॅझ म्हणतात. डार्क म्हणजे काळोखं. जॅझ हे मूळचं अमेरिकेचं. न्यू ऑर्लिन्स या बंदराच्या शहरात, शंभराहून जास्त वर्षांपूर्वी, काळ्या लोकांनी ते घडवलं. त्यांचे आजे-पणजे गुलामीत राबलेले होते. धून ठरलेली असते, पण वाजवणारा ती त्या क्षणी मनाला येईल तशी फुलवतो. आपल्या कानाला ते अगदीच परकं नाही. गोव्याचे वादक मुंबईच्या हॉटेलांत जॅझ वाजवायचे आणि सिनेमाच्या गाण्यांतही वाजवायचे. त्यातले हळदोण्याचे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट हे सी. रामचंद्रांचे, म्हणजे आपल्या पुणतांब्याच्या माणसाचे सहायक होते. १९५१ चा 'अलबेला' आठवा. ते मात्र नाचायचं जॅझ. माझ्या कार्डावरचं अगदी उलट आहे.

कार्डावर दोन मंडळांचं वादन होतं. एक नेदरलँड्समधल्या उट्रेख्त शहराचं, नाव किलिमांजारो डार्कजॅझ एन्सेम्बल. नाव आफ्रिकेतल्या डोंगराचं, माणसं युरोपातली. जेसन कोनेन आणि गिडियन कीर्स या दोघांनी २००० साली ते सुरू केलं, तेही जुन्या मूक चित्रपटांना नवं संगीत द्यायचं म्हणून. १९२२ चा रक्तपिपासू भुताचा 'नोस्फेराटू', १९२७ चा 'मेट्रोपोलिस', असे ते चित्रपट. आपल्याकडेही मूकपटाच्या काळात पेटी-तबलावाले पडद्याजवळ बसून वाजवायचे. तेच काम या दोघांनी संगणक घेऊन केलं. पुढे ट्रॉम्बोन, चेलो, व्हायोलिन, गिटार वाजवणारी मंडळी आली, गाणारी बाई आली. चेलो म्हणजे माणसाच्या छातीएवढं मोठं व्हायोलिन, पायांत धरून वाजवतात. त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका २००६ ची.

ते संगणकावर काय करतात हे मला भाच्यानं आपल्या स्टुडिओतच दाखवलं. आमच्या मोटरीचा आवाज मी मोबाईलवर घेऊन गेले होते. त्यानं तो निम्म्या वेगानं वाजवला. आवाज लांबला आणि एक सप्तक खाली उतरला. आणखी निम्मा केला, तर दूरवर कुणी कण्हत असल्यासारखं ऐकू आलं. रोजची मोटर ती! मी त्याला म्हटलं, बंद कर, आता मला तिच्याजवळ जायची भीती वाटेल. असे आवाज खाली पसरून ठेवायचे आणि त्यावर खरी वाद्यं अगदी थोडी, जपून वाजवायची, अशी ती रीत.

दुसरं मंडळ जर्मनीतल्या म्युलहाइम गावचं, बोरन उंड डेर क्लब ऑफ गोर. नाव माझ्या तोंडात नीट बसत नाही, समजून घ्या. हा रूर नावाचा कोळशाचा आणि पोलादाचा मुलूख. शेजारच्या बॉट्रोपची खाण डिसेंबर २०१८ ला बंद झाली, ती जर्मनीतली दगडी कोळशाची शेवटची खाण. खाणींमुळेच असलं संगीत निघालं असं मी म्हणणार नाही, पण ऐकताना जमिनीखालचा काळोख डोळ्यांपुढे येतो खरा. ही मुलं आधी जोरकस, कानठळ्या बसवणारं वाजवायची. मग त्यांनी वेग कमी करत नेला. इतका, की एक ठोका पडल्यावर दुसरा पडेल की नाही अशी शंका यावी. ड्रमवर काठी मारण्याऐवजी तारांची छोटी झाडणी फिरवतात, अंगण झाडल्यासारखा आवाज येतो. सॅक्सोफोन, म्हणजे आपल्या लग्नाच्या बँडमधलं ते वाकड्या मानेचं पितळी वाद्य, इथं जवळजवळ कुजबुजतं. वाजवणाऱ्याचा श्वाससुद्धा ऐकू येतो. कार्यक्रमही ते जवळपास अंधारात करतात, वाद्यांवर पडेल एवढाच उजेड.

मला वाटतं, मी तिथेच अडकले. हे संगीत वाट बघतं. घाई करत नाही, समजूत घालत नाही, 'सगळं ठीक होईल' म्हणत नाही. आपल्याला जे संगीत मिळतं ते बहुतेक कशासाठी तरी असतं. लग्नाचं लग्नाला, देवाचं देवाला, बारशाचं बारशाला. नुसतं बसून, स्वतःसाठी, काही कारण नसताना ऐकायचं असं आपल्या वाट्याला कमीच येतं. आणि बाई एकटी अंधारात बसून ऐकतेय म्हटलं, की घरात पहिला प्रश्न येतो, काय बिनसलंय हिचं?

मागच्या महिन्यात आमच्या गटाच्या बैठकीनंतर मी आठ-नऊ मिनिटांचा एक तुकडा लावला. दिवा घालवून. दोघीतिघी हसल्या. एकीला झोप लागली, तिनं उठून सांगितलं की बऱ्याच दिवसांनी अशी लागली. एका वहिनी मात्र म्हणाल्या, "बंद करा हो." त्यांच्या मुलाला दवाखान्यात ठेवलं होतं, त्या रात्री पलंगाशेजारचं यंत्र असंच वाजत होतं म्हणे. मी लगेच बंद केलं. आधी विचारायला हवं होतं, ते माझं चुकलं. घरी जाताना त्यांच्यासोबत वेशीपर्यंत चालत गेले. त्या काही बोलल्या नाहीत, मीही नाही.

त्याच बैठकीत आमच्या गटातल्या सगळ्यांत वयस्क मावशी म्हणाल्या, "अगं, हे तर जातं आहे." पहाटेच्या काळोखात खाली दगडाची घरघर, वर बाईचा आवाज, आणि ऐकायला कुणी नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी गावोगाव फिरून अशा लाखावर ओव्या गोळा केल्या, तेव्हा कितीतरी बायकांना पहिल्यांदाच कुणी ऐकणारं भेटलं असेल. मावशींचं म्हणणं मला पटलं, पण सगळं नाही. ओवीत शब्द असतात, माहेर असतं, भाऊ असतो. या परदेशी संगीतात माझं कुणीच नाही. कदाचित म्हणूनच मला ते जड होत नाही.

कुणाला ऐकायचं असेल तर थोडं सांगते. मोबाईलच्या स्पीकरवर लावू नका, त्यातले खालचे आवाज निघतच नाहीत, नुसतं टिकटिक ऐकू येतं. चांगला स्पीकर किंवा इअरफोन हवा. रानात असाल तर एकाच कानात घाला, दुसरा डुकरांसाठी आणि सापांसाठी मोकळा ठेवा. आवाज बारीक ठेवा. जिवाला बरं वाटलं नाही तर सरळ बंद करा, त्यात कमीपणा काही नाही.

कार्ड आपल्या केंद्रातच ठेवलंय. मंगळवारी संध्याकाळी पाचनंतर मी असते, भाच्याला विचारून कॉपी करून देईन. परत आणायला मात्र विसरू नका, पुढच्या आठवड्यात आमची लाईट पुन्हा रात्रीची आहे.