माल उतरला, घरी पोचला नाही



मी गोदीत ओझी वाहतो. शिक्षण मॅट्रिक. गोदीत एक शिकलो. माल जहाजातून उतरला म्हणजे घरी पोचला असं नव्हे. मधे कागद लागतो. ज्याच्या हाती कागद, त्याच्या हाती माल.

आपला यवतमाळ जिल्हा 2006-07 साली केंद्राच्या मागास क्षेत्र अनुदान निधीत आला. राज्यातले बाराच जिल्हे होते. आराखडा खालून, ग्रामसभेतून यायचा होता. 2015 साली ती योजना गेली. पुढं पंधराव्या वित्त आयोगाचा पैसा आला. 2021 ते 2026 या काळात त्यातला 60 टक्के पाणी अन् स्वच्छतेला बांधलेला.

साहेब म्हणतात, आम्ही गावाला मदत करतो. करा की! कामच आहे तुमचं. आराखडा कसा करायचा, हिशेब कसा ठेवायचा, शिकवा. पण टेबलावर बसून आमचा आराखडा तुम्हीच लिहिता, तिला मदत म्हणू नका. त्यात चावडीपुढचा रस्ता दोनदा येतो. आमच्या वस्तीतली नाली एकदाही नाही. माझी माय आजही त्या नालीकाठी भांडी घासते.

अन् दोष एकट्या साहेबाचा नाही. बाबासाहेबांनी 1948 सालीच घटना समितीत गावाला संकुचितपणाचं डबकं म्हटलं. त्या डबक्यात दिल्लीचा पैसा ओतला तर तो उंचवट्याकडंच वळवतात.

म्हणून भीक मागू नका, आराखडा मागा. ग्रामसभेत उभं राहून मोठ्यानं वाचा. आपली गल्ली त्यात नसेल तर सही करू नका.

कोऱ्या कागदावर तर मुळीच नाही.